स्फोटकांचा शेजार



सुरुंग म्हणजे काय, हें नगरच्या माणसास समजावून सांगण्याची गरज नाहीं. इ. स. १५९६ मध्यें शाहजादा मुराद याच्या मोंगल फौजेनें येथील भुईकोट किल्ल्याच्या तटाखालीं सुरुंग खणले व त्यांत दारू ठासली. किल्ल्यांत याची खबर पोहोंचली. चांदबिबीच्या माणसांनीं आंतल्या बाजूनें खणत जाऊन दोन सुरुंग शोधून काढले आणि त्यांतील दारू उपसून घेतली. तिसऱ्याचा शोध चालूं असतांनाच बाहेरून बत्ती दिली गेली व तटाला मोठें खिंडार पडलें. तें खिंडार चांदबिबीनें रातोरात बुजवून घेतलें, ही कथा आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकलेली आहे. पहिल्या दोन सुरुंगांतील दारू ज्यांनीं अरुंद भुयारांतून बाहेर आणली त्या माणसांकडे मात्र आपलें लक्ष सहसा जात नाहीं. आजच्या भाषणाचा विषय त्यांच्या कामाशीं अधिक जुळणारा आहे. स्फोटक पदार्थ फुटतो कसा हें सोडून, तो न फुटतां एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं कसा न्यावा, एवढेंच मला सांगावयाचें आहे.

आपल्या जिल्ह्याला आतां अहिल्यानगर हें नांव मिळालें आहे. जमीन मात्र जुनीच आहे. पारनेर, श्रीगोंदें, कर्जत, जामखेड, पाथर्डी या तालुक्यांत वर थोडी माती, तिच्याखालीं मुरूम, त्याखालीं मांजऱ्या आणि मग काळा पाषाण. अकोल्याचा डोंगरी भाग सोडला तर पाऊस बेताचाच. विहिरीला पाणी लागावयाचें तर पाषाण फोडला पाहिजे, आणि तो नुसत्या पहारीनें फुटत नाहीं. म्हणून फाल्गुनापासून मृग लागेपर्यंत शिवाराशिवारांत यारीचा कुरकुराट आणि ट्रॅक्टरवरील काँप्रेसरची घरघर चालूं असते. दुपार कलली कीं कोणीतरी आरोळी देतो, माणसें पांगतात व धडाका उडतो. हा धडाका आपल्याला दिसतो, ऐकूं येतो, म्हणून त्यापासून आपण सावध राहतों. परंतु तो उडण्यापूर्वीं त्या कांड्या कोठूनतरी निघून, रस्त्यानें, वाड्यावस्त्यांवरून, कदाचित् आपल्याच गाडीच्या शेजारून गेलेल्या असतात. तो प्रवास मुका असतो. कायद्याच्या पुस्तकांतले पुष्कळसे नियम या मुक्या प्रवासासाठींच केलेले आहेत.

प्रथम त्या पदार्थाविषयीं थोडें. खेड्यांत ज्याला सरसकट जिलेटिन म्हणतात, त्याचें नांव जुनें आहे आणि माल नवा. जुन्या जिलेटिनांत नायट्रोग्लिसरीन असे. हें तेलासारखें पातळ द्रव्य नुसत्या धक्क्यानेंहि फुटे. १८६६ सालीं अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को येथें एका वाहतूक कंपनीच्या कचेरींत आलेली पेटी गळूं लागली. आंत काय आहे हें ठाऊक नसल्यामुळें माणसें ती उघडावयास गेलीं, आणि इमारतीसकट उडालीं. पुढच्याच वर्षीं आल्फ्रेड नोबेलनें हेंच तेल एका सच्छिद्र मातींत जिरवून केलेलें डायनामाइट जगापुढें आणलें. तेल हाताळवत नव्हतें, माती हाताळतां आली. या जगप्रसिद्ध शोधाचें मूळ अशा रीतीनें बऱ्याच अंशीं वाहतुकीच्या अडचणींतच आहे. भारतांत नायट्रोग्लिसरीनच्या स्फोटकांवर २००४ पासून बंदी आहे, व आज कांड्यांतून येतो तो स्लरी किंवा इमल्शन जातीचा ओलसर लगदा. हा लगदा स्वभावानें पुष्कळ शांत. हातून पडला तर सहसा फुटत नाहीं, आणि ही त्याची शांतिच माणसाला फसविते. कारण त्याला फोडण्यासाठीं जी धातूची लहानशी टोपी लागते, जिला डिटोनेटर म्हणतात, ती मुळींच शांत नसते. तिच्यांत जेमतेम ग्रॅमभर द्रव्य असतें. पण उष्णता, घर्षण, ठोका, विजेचा अल्पसा प्रवाह, यांतील कोणतीहि एक गोष्ट तिला पुरते. एकटी टोपी फुटली तर बोटें जातात, डोळा जातो. कांड्यांच्या खोक्यांत फुटली तर गाडी जाते, आणि गाडीच्या आसपास जें जें असेल तें सर्व जातें.

यासाठीं स्फोटकांच्या वाहतुकींत पहिला प्रश्न विचारावयाचा तो स्फोटकाविषयीं नसतो, त्याच्या शेजाऱ्याविषयीं असतो. २ ऑक्टोबर १८७४ रोजीं लंडनच्या रीजंट कालव्यांतून 'टिल्बरी' नांवाचा पडाव बंदुकीची दारू घेऊन चालला होता, व त्याच पडावावर पेट्रोलियमहि होतें. तेलाची वाफ पेटली, दारू उडाली, वरचा पूल कोसळला आणि पडावावरील तिघे ठार झाले. दुसऱ्या वर्षीं विलायतेंत स्फोटकांचा कायदा झाला. आपल्याकडे तसाच कायदा १८८४ सालीं आला, आणि आज चालतो तोहि तोच.

पुढें ६ डिसेंबर १९१७ रोजीं कॅनडांतील हॅलिफॅक्स बंदरांत 'माँ ब्लां' हें फ्रेंच जहाज शिरलें. पोटांत टीएनटी आणि पिक्रिक ॲसिड, वर डेकवर बेंझॉलचीं पिंपें. दुसऱ्या एका जहाजाशीं टक्कर होऊन बेंझॉल पेटलें. सुमारें वीस मिनिटांनीं सर्व जहाज फुटलें व दोन हजारांच्या आसपास माणसें मेलीं. त्या जहाजावर धोक्याचें लाल निशाण नव्हतें. युद्धाचे दिवस होते, आणि निशाण पाहून शत्रूची पाणबुडी नेमकें तेंच जहाज हेरील ही भीति होती. भीति कांहीं खोटी नव्हती. पण निशाण नसल्यामुळें बंदरावरील लोक खिडक्यांशीं व धक्क्यावर उभे राहून जहाज जळण्याची गंमत पाहत राहिले.

यापुढील हकीकत आपल्या घरची आहे. 'फोर्ट स्टिकीन' नांवाचें जहाज फेब्रुवारी १९४४ मध्यें इंग्लंडांतील बर्कनहेडहून निघालें. त्यावर सुमारें चौदाशें टन दारूगोळा होता. शिवाय लढाऊ विमानें, व सोन्याच्या लगडी. कराचीस कांहीं माल उतरल्यावर रिकामी जागा फुकट कां दवडावी, म्हणून तींत कापसाच्या ८,७०० गांठी भरल्या. वंगणाचीं पिंपें आणि इमारती लांकूडहि आलें. जहाजाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या कोठारांत तळाला कापूस व त्याच्या वरच्या मजल्यावर दारूगोळा, अशी रचना झाली. चुलीवर दारूचें मडकें ठेवावें तसा हा प्रकार होता. फक्त चूल अद्याप पेटलेली नव्हती.

शांततेच्या काळांत असें जहाज मुंबईच्या गोदींत घेत नसत. तें बाहेर पाण्यांत नांगरावयाचें व माल पडावांतून उतरवून घ्यावयाचा, असा शिरस्ता होता. युद्धाच्या घाईंत तो शिरस्ता बाजूस ठेवला गेला. १२ एप्रिल १९४४ रोजीं 'फोर्ट स्टिकीन' सरळ व्हिक्टोरिया गोदींत येऊन उभें राहिलें, आणि त्यावरहि लाल निशाण नव्हतें. १४ एप्रिलला, शुक्रवारीं, दुपारीं दोनच्या सुमारास त्या दुसऱ्या कोठारांतून धूर निघतांना दिसला. आग कशानें लागली याविषयीं बहुतेकांचा तर्क विडी-सिगारेटच्या थोटकाकडे जातो. बंबवाल्यांनीं शेंकडों टन पाणी ओतलें, पण धुरामुळें आगीचें मूळ सांपडेना. जहाज जागच्या जागीं बुडवावें कीं ओढून बाहेर समुद्रांत न्यावें, याविषयीं अधिकाऱ्यांत एकमत होईना, व दोन तास असेच गेले. चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आसपास दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद उमटली. 'जलपद्म' नांवाची आगबोट पाण्यांतून उचलली जाऊन धक्क्यावर आदळली. पेटत्या कापसाच्या गांठी आकाशांतून वस्तीवर पडल्या व जेथें पडल्या तेथें नवी आग लागली. अग्निशामक दलाचे ६६ जवान मेले. मृतांची एकूण संख्या सरकारी हिशेबानें सातशेंवर, इतरांच्या अंदाजानें हजारावर. बेघर झाले सुमारें ८०,०००. देशांत १४ एप्रिल हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात तो या ६६ जणांच्या स्मरणार्थ. त्या वेळीं आपल्या नगरच्या किल्ल्यांत काँग्रेसचे पुढारी स्थानबद्ध होते. जवाहरलाल नेहरूंच्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' या ग्रंथाच्या आरंभीं तारीख आहे ती १३ एप्रिल १९४४ ची, म्हणजे नेमकी आदल्या दिवसाची.

लोक हा स्फोट आठवतात तो बहुधा सोन्याच्या लगडींवरून. मैलभर दूर घरांत पडलेली लगड, पुढें कित्येक वर्षें गोदीच्या गाळांत सांपडत राहिलेल्या लगडी, या गोष्टी चवीनें सांगितल्या जातात. मला त्या जहाजांतील कापूस अधिक विचार करण्यासारखा वाटतो. लंडनला तेल, हॅलिफॅक्सला बेंझॉल, मुंबईस कापूस. तीनहि ठिकाणीं दारू आपण होऊन पेटली नाहीं. आणि मुंबईस एकेक सवलत दिली गेली ती 'एवढ्या वेळेपुरती' म्हणून. हे शब्द युद्धकचेरीपेक्षां आपल्या बांधावर अधिक ऐकूं येतात. मृग तोंडावर आलेला असतो, यारीवाल्याचे रोज चढत असतात, परवान्याची गाडी उद्यांशिवाय येत नाहीं. मग कोणीतरी म्हणतो, आजच्या दिवस मोटरसायकलवरून आणूं.

सध्यां लागू आहेत ते २००८ चे स्फोटक नियम. त्यापूर्वीं १९८३ चे व त्याहिपूर्वीं १९४० चे होते. त्यांची अंमलबजावणी जी सरकारी संघटना करते तिची मुख्य कचेरी आपल्याच राज्यांत, नागपुरास आहे. नियमांचें पुस्तक जाडजूड आहे. त्यांतील सडकेवरचे तेवढे, आणि तेहि कारणांसकट, सांगतों. कारण न कळलेला नियम माणूस पोलिसापुरता पाळतो.

कांड्या आणि टोप्या एका गाडींत एकत्र न्यावयाच्या नाहींत, हा मूळ नियम. सवलत आहे ती टोप्यांसाठीं स्वतंत्र, भक्कम कप्पा असलेल्या खास बांधणीच्या गाडीपुरतीच. गाडी परवान्याची, बंद पेटीसारखी असावी व तिच्या आंत उघडें लोखंड नसावें, कारण लोखंडावर लोखंड घासलें कीं ठिणगी पडते. त्याच कारणास्तव खोक्यांबरोबर पहारी, छिन्न्या, ट्रॅक्टरचे सुटे भाग टाकूं नयेत. तेलाचे डबे, ॲसिड, काडेपेटी हीं तर नकोतच. आणि उतारूहि नको. वाटेंत हात दाखविणाऱ्या ओळखीच्या माणसास गाडींत घेणें हें एरव्हीं आपल्याकडे सौजन्य समजतात. स्फोटकांच्या गाडीवर तें सौजन्य चालत नाहीं, कारण पाहुण्याच्या खिशांत काय आहे हें आपल्याला ठाऊक नसतें, व आपल्या गाडींत काय आहे हें त्याला ठाऊक नसतें.

मालाची चढउतार दिवसाउजेडीं व इंजिन बंद करून करावी. वीज कडाडूं लागली कीं काम तत्काळ थांबवावें व माणसांनीं गाडीपासून दूर जावें. नगर जिल्ह्यांत या नियमाचें महत्त्व इतर कोठल्याहिपेक्षां अधिक आहे, असें माझें मत आहे. आपला विहिरींचा हंगाम आणि वळवाच्या पावसाचे ढग एकाच महिन्यांत येतात. वैशाखांत दुपारीं चारपर्यंत ऊन असतें, आणि पांच वाजतां विजा चमकतात. गाडी वाटेंत कारणावांचून थांबवूं नये. थांबवावीच लागली तर ती वस्ती, बाजार, पेट्रोलपंप यांपासून लांब असावी, व चालक आणि त्याचा सोबती यांपैकीं एकानें गाडी सोडूं नये. ढाब्यावर दोघांनीं एकदम जेवावयास बसण्याचा मोह मोठा असतो, हें मी समजूं शकतों. पण सुनी उभी असलेली गाडी हा ढाब्यावरच्या सर्वांचा, त्यांच्या नकळत झालेला, शेजार आहे.

आतां मोटरसायकलीविषयीं. कांड्यांची पिशवी हँडलला आणि टोप्या सदऱ्याच्या खिशांत, अशी ही वाहतूक चालते. कांड्या व टोप्या वेगळ्या ठेवल्या, असें वर समाधान! खिशांत शेजारीं विडीबंडल, काडेपेटी व मोबाइल फोन असतो. विजेवर उडणाऱ्या टोपीच्या दोन तारांचीं टोकें कारखान्यांतच एकमेकांस जोडून ठेवलेलीं असतात. बाहेरून भरकटत आलेला प्रवाह टोपींत शिरूं नये, हा त्यांतला हेतु. खिशांत कोंबतांना, काढतांना तीं टोकें सुटतात. मग उष्णता, ठोका आणि वीज या टोपीच्या तिन्ही शत्रूंना तिच्याजवळ आणून बसविल्यासारखें होतें, आणि तेंहि माणसाच्या छातीवर. एस. टी.नें असा माल नेण्याची कल्पनाहि कोणी करूं नये. एस. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं याच नगर-पुणें सडकेवरून धावली. तेव्हांपासून ती गोरगरिबांची गाडी आहे, आणि तिच्या टपाखालीं पन्नास माणसें बसलेलीं असतात.

गाडीवर 'स्फोटकें' हा शब्द दुरून वाचतां येईल अशा ठळक अक्षरांत लिहावयाचा असतो, व बरोबर मालाचा पास ठेवावयाचा असतो: माल किती, कोठून, कोणाकडे. पुष्कळांना हा कागदी खटाटोप वाटतो. चोरांना कळेल, रस्त्यांत अडवितील, म्हणून झांकून नेणें बरें, असेंहि मीं ऐकलेलें आहे. 'माँ ब्लां'वर हाच विचार झाला होता. गाडीला अपघात होतो तेव्हां प्रथम धांवून येतात ते शेतांतले लोक, मग पोलीस, मग बंब. त्या सर्वांना आंत काय आहे हें कळण्याचें साधन म्हणजे तीं अक्षरें.

आगगाडीविषयीं थोडक्यांत सांगतां येईल, कारण तेथें शिस्त अधिक आहे. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ सालीं सुरू झाला, तेव्हांपासून नगर, बेलापूर या स्टेशनांवर आपला मालाशीं संबंध आहे. स्फोटक व धोक्याच्या मालासाठीं रेल्वेचें 'रेड टॅरिफ' म्हणून निराळें पुस्तकच असतें. असा माल आगाऊ कळवून, खास डब्यांतून पाठवावा लागतो. तो डबा इंजिनाला लागून जोडीत नाहींत, मध्यें साधे डबे घालतात. व यार्डांत इतर डबे मोकळे ढकलून देतात तसा तो ढकलीत नाहींत. या सर्व शिस्तीला उतारूच्या हातांतली एक पिशवी निरुपयोगी करूं शकते. म्हणून १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणें असा माल चोरून डब्यांत आणणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊं शकतो. दिवाळींत गांवाकडे नेलेले फटाके हेहि त्याच सदरांत येतात, हें मुलांच्या आईबापांनीं ध्यानांत ठेवावें.

समुद्र आपल्या जिल्ह्याला नाहीं. पण भंडारदऱ्याचें व मुळेच्या धरणाचें पाणी आहे, आणि पाण्यावरच्या नियमाचें सार एका ओळीचें आहे: स्फोटकांच्या होडींत माणसें बसवूं नयेत, चूल पेटवूं नये, व इतर होड्यांनीं दूर राहावें. कांहीं ठिकाणीं मासे मारण्यासाठीं कांड्या पाण्यांत टाकण्याचा अघोरी प्रकार चालतो. १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासून तो गुन्हा आहे. त्यांत लहान-मोठे सर्व मासे मरतात, हें तर झालेंच. शिवाय ओल्या, हलत्या होडींत एकाच माणसाच्या मांडीवर कांडी, टोपी आणि पेटती वात असते.

एवढें करूनहि आग लागलीच तर? टायर किंवा इंजिन पेटलें असेल आणि आग मालापर्यंत गेली नसेल, तर गाडींतील अग्निशामक नळकांड्यानें ती ताबडतोब विझवावी. तीं नळकांडीं त्यासाठींच असतात. पण आग मालाला लागली, किंवा लागण्याच्या बेतांत आली, कीं ती विझविण्याचा प्रयत्न सोडून द्यावा, दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवावी, लोकांना दूर हांकलावें व स्वतः दूर जावें. आपल्या लोकांना हा नियम पटविणें सर्वांत कठीण आहे. आग दिसली कीं धांवून जाणें हा आपला धर्म, आणि मदत करतां आली नाहीं तर निदान पाहत उभें राहणें ही आपली संवय. मध्य प्रदेशांत झाबुआ जिल्ह्यांतील पेटलावद गांवीं १२ सप्टेंबर २०१५ रोजीं सकाळीं हेंच झालें. उपाहारगृहाशेजारच्या एका इमारतींत जिलेटिनच्या कांड्या व टोप्या बेकायदा सांठविलेल्या होत्या. प्रथम लहान स्फोट झाला. काय झालें तें पाहावयास लोक जमले, आणि मग मोठा स्फोट झाला. पाऊणशेंहून अधिक माणसें गेलीं. स्फोटकांचा धंदा ज्यांचा नव्हता आणि चहा प्यावयास जे आले होते, अशीं माणसें त्यांत होतीं. धूर दिसतांच जो मनुष्य शाळेंतलीं मुलें मागच्या दारानें बाहेर काढून शेतांत नेईल, त्यानें बंबवाल्याइतकेंच काम केलें असें मी समजेन.

शेवटीं उरलेल्या मालाविषयीं बोललें पाहिजे, कारण त्याच्या प्रवासाचा विचार कोणीच करीत नाहीं. विहीर पुरी होते, पाणी लागतें, नारळ फुटतो, यारीवाला यारी सोडून पुढच्या गांवीं निघतो, आणि मागें राहतात पांच-सात कांड्या व दोन टोप्या. त्या कोणी गोठ्याच्या आढ्यावर खोंचतो, कोणी कडब्याच्या गंजींत ठेवतो, कोणी धान्याच्या कणगीमागें. कापसाच्या गांठी निराळ्या त्या काय! वर्षानें तीच टोपी पोराच्या हातांत चकाकणारें खेळणें म्हणून सांपडते. असा माल जाळूं नये, पुरूं नये, जुन्या विहिरींत टाकूं नये. फुटल्यावांचून राहिलेला सुरुंग कोणी उकरूं नये. ज्याच्याकडे सुरुंग उडविण्याचा परवाना आहे त्यालाच तेथें बोलवावें. उरलेल्या कांड्या व टोप्या ज्या परवानेदाराकडून आल्या त्यानेंच, वहींत नोंद करून, कांड्या एका खेपेस आणि टोप्या दुसऱ्या खेपेस, आपल्या कोठारांत परत न्यावयाच्या असतात. काम ठरवितांना ही गोष्ट रोजाच्या बोलीबरोबरच बोलून घ्यावी. परवानेदार कोण होता हें ठाऊकच नसेल, किंवा वडिलांच्या वेळची एखादी पिशवी माळ्यावर सांपडली असेल, तर तिला हात न लावतां, घरांतील दिवा-चूल विझवून, माणसें व जनावरें बाहेर काढून पोलीस ठाण्यास कळवावें, आणि ते येईपर्यंत दाराशीं कोणासहि येऊं देऊं नये.